लाकडी नौकेच्या बुडाला तांब्याचा पत्रा: परवानग्यांपासून पहिल्या वर्षाच्या तपासणीपर्यंत

पत्रा मारून नौका पाण्यात सोडली त्याला वर्ष होऊन गेलं. नुकतीच ती पहिल्या तपासणीसाठी बाहेर काढली, बूड डोळ्यांनी पाहिलं आणि मगच लिहायला बसले. आधी लिहिण्यात अर्थ नव्हता. पत्रा मारल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांचंच बूड सुंदर दिसतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हा सगळा अनुभव लाकडी नौकेचा आहे. पोलादी किंवा ॲल्युमिनियमची नौका असेल तर उघडं तांबं तिच्या जवळही आणू नका. खाऱ्या पाण्यात हे धातू तांब्याला जोडले गेले की तांबं शाबूत राहतं आणि नौकाच झिजायला लागते. फायबरग्लासवाल्यांसाठी तांब्याची पूड मिसळलेलं इपॉक्सी किंवा मागे चिकटद्रव्य लावलेला तांबे-निकेलचा पातळ पत्रा असे वेगळे मार्ग आहेत. त्यांना खिळे लागत नाहीत आणि यातली निम्मी डोकेदुखीही होत नाही.

या भानगडीत पडले कारण दरवर्षीच्या खरवडण्याला कंटाळले होते. नौका बाहेर काढायची, बुडाला चिकटलेले कवचधारी बार्नेकल खरवडायचे, घासायचं, विषारी रंगाचे दोन हात मारायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. वरचं कवच उडालं तरी बार्नेकलची चुनखडी बैठक फळीला घट्ट धरून राहते, आणि तिच्यावरून रंग मारला की तो तिथूनच आधी सुटतो. हा प्राणी दिसतो शिंपल्यासारखा, पण आहे खेकड्या-कोळंब्यांच्या कुळातला. डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं त्याच्या अभ्यासात घालवली. त्याची अळी पाण्यात तरंगत सहा अवस्था पार करते. त्यानंतरच्या सायप्रिड अवस्थेत ती काही खातच नाही, फक्त जागा शोधते. आपल्या मिशांवर चालत पृष्ठभाग चाचपते, पसंत पडला की डोकं खाली टेकवून सिमेंट सोडते आणि जन्मभरासाठी तिथेच बसते. जे काही करायचं ते ही पसंती होण्याआधीच करावं लागतं. समुद्राच्या पाण्यात तांब्याच्या पृष्ठभागावरून सतत थोडे आयन सुटत राहतात, आणि अळीला तिथे टिकणं जड जातं.

म्हणजे तांबं काम करतं ते झिजतं म्हणूनच. हे वाक्य मी कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं आणि पुढे प्रत्येक निर्णयाच्या वेळी ते उपयोगी पडलं.

जून ते ऑगस्ट नुसतं वाचन केलं. त्यातल्या दोन जुन्या गोष्टी इथे सांगते, कारण आजच्या कामाचे नियम त्यांतच आहेत. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचे पत्रे मारले आणि तिला वेस्ट इंडीजला पाठवलं. १७६३ मध्ये तपासणी झाली तेव्हा बूड चांगलं स्वच्छ निघालं, पण पत्र्यांना लागलेले लोखंडी खिळे आणि सुकाणाची लोखंडी जोडणी खाऊन गेली होती. काही ठिकाणी पत्र्यांभोवती आलेला खाकी कागद काढायचा राहून गेला होता. तिथलं लोखंड मात्र धड होतं. पुढे १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने उलटा प्रश्न घेतला: तांब्याचीच झीज थांबवायची कशी? त्याने पत्र्यांना लोखंडाचे नि जस्ताचे छोटे तुकडे जोडले. झीज खरंच थांबली. आणि त्या संरक्षित तांब्यावर शेवाळ नि बार्नेकल आरामात वाढायला लागले.

दोन्हींचा मथितार्थ एकच निघतो. पत्रा ठोकणं हे त्या मानाने सोपं काम आहे. त्याला नौकेवरच्या बाकीच्या धातूंपासून अलग ठेवणं, तेही दोन्ही बाजूंच्या भल्यासाठी, यातच खरा वेळ जातो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कागदपत्रांना हात घातला. तीन ठिकाणी विचारावं लागलं: नौका जिथे बांधून ठेवते ते बंदर, काम जिथे होणार ते यार्ड, आणि विमा कंपनी. बंदराला का, तर तांबं सागरी जिवांना अपायकारक आहे आणि काही बंदरांत, विशेषतः गोड्या किंवा कोंडलेल्या पाण्यात, त्यावर बंधनं असतात. तोंडी “काही हरकत नाही” लगेच मिळालं. लेखी मिळायला महिना गेला. तरीही लेखीच घ्या, कारण टेबलामागची माणसं बदलतात. पत्रात मी तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या: धातू कोणता, क्षेत्रफळ किती, आणि नौका पाण्यात असताना पत्रे घासणार नाही. तिसऱ्या ओळीमुळे काम सोपं झालं असं त्यांच्या उत्तरावरून वाटलं.

विमा कंपनीची अट होती कामाच्या आधी आणि नंतर अशा दोन तपासण्यांची. त्यांनी मान्य केलेला सर्वेक्षकच लागतो, आणि त्याची वेळ मिळायला आणखी तीन आठवडे. त्याची फी दोनदा द्यावी लागते हे अंदाजपत्रकात आधीच धरा.

यार्डचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांना नव्या पत्र्याची काळजी नव्हती, जुन्या रंगाची होती. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये बुडाच्या रंगांबाबत करार केला, तो २००८ मध्ये लागू झाला आणि ट्रायब्युटिल टिन हे विषारी संयुग असलेले रंग बाद झाले. २०२३ पासून सायब्युट्रिन हे शैवालनाशकही त्या यादीत आलं. त्या कराराखालचं प्रमाणपत्र आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ४०० टनांपासून पुढच्या जहाजांना लागतं, आणि त्याहून लहान पण २४ मीटर किंवा जास्त लांबीच्या जहाजांना घोषणापत्र. माझी नौका यात कुठेच बसत नाही. पण ती या सगळ्याच्या आधीची आहे आणि तिच्या अंगावर रंगाचे किती थर आहेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून यार्डने खरवडीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला लावला. सगळ्यात आतल्या थरात टिन सापडलं. परिणाम असा की कोरडं घासकाम बंद, सगळं ओलं, खाली ताडपत्री, खरवड पिंपात भरून घातक कचरा म्हणून रवाना. त्या पिंपांचा खर्च मी धरला नव्हता आणि कुणाच्या यादीतही वाचला नव्हता, म्हणून मुद्दाम लिहिते.

नौका नोव्हेंबरात बाहेर आली. खरवडण्यात डिसेंबर संपला. त्यानंतर काहीच करायचं नव्हतं, आणि ते सगळ्यात कठीण गेलं. लाकूड वाळू द्यावं लागतं, पण फार नाही. फार वाळलं तर फळ्या आकसतात आणि पाण्यात गेल्यावर फुगून पत्र्याला फुगवटे आणतात. ओलावामापकावर १६ ते १८ टक्के दिसेपर्यंत थांबायचं ठरलं. यार्डचं भाडं मात्र रोज चालूच.

थांबण्याचा फायदा एवढाच की बूड नीट बघता आलं. पत्र्याखाली गेलेली फळी पुन्हा सहजी दिसत नाही, त्यामुळे “पुढच्या वर्षी बघू” म्हणून ठेवलेलं सगळं आताच उरकावं लागतं. सर्वेक्षकाने टोचणीने बुडाचा इंचन्‌इंच टोचला. खालच्या एका फळीत टेरेडोची भोकं निघाली. याला जहाजकिडा म्हणतात, पण तो किडा नसून शिंपल्याचाच भाईबंद आहे. ती फळी बदलली. फटींतला जुना कापूस उपसून नवा ठासला, वर पुट्टी. तळकण्याचा (कीलचा) एक बोल्ट काढून पाहिला. ब्राँझचा निघाला आणि चांगला होता, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. लोखंडाचा असता तर सगळे बदलल्याशिवाय पुढे जाता आलं नसतं. सुकाणाच्या पट्ट्या मात्र जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या होत्या. त्या ब्राँझमध्ये नव्या ओतून घ्याव्या लागल्या, आणि ओतकामाच्या प्रतीक्षायादीत सहा आठवडे गेले. हे काम आधी सांगून ठेवा. बाकी सगळं त्याच्यासाठी अडतं.

पत्र्याची मागणी जानेवारीत नोंदवली. किती लागेल याचा ढोबळ हिशेब असा: पाणरेषेवरची लांबी गुणिले रुंदी आणि बुडती खोली यांची बेरीज, आणि मध्यम वजनाच्या नौकेसाठी त्याला ०.७५ ने गुणायचं. माझी लांबी ८ मीटर, रुंदी २.६, खोली १.३, म्हणजे साधारण २३.४ चौरस मीटर. जोडांवरचा चढाव आणि वाया जाणारे तुकडे धरून २७ घेतले. जाडी ०.६ मिलिमीटर. या जाडीचं तांबं चौरस मीटरला सुमारे ५.४ किलो भरतं, म्हणजे एकूण १४५ किलोच्या आसपास. वजन बुडाशीच जातं, त्यामुळे तोल बिघडत नाही, पण नौका थोडी खाली बसते. विमा कंपनीने हा आकडा आवर्जून मागितला.

शुद्ध तांबं की तांबे-निकेल यावर बराच खल झाला. नव्वद-दहाचं तांबे-निकेल कणखर असतं, झीज कमी, आणि १९७१ मध्ये ‘कॉपर मरिनर’ नावाची कोळंबी पकडणारी आख्खी नौकाच त्या धातूची बांधली गेली होती. पण माझ्या नौकेच्या मागच्या भागाला दुहेरी वळण आहे, आणि तिथे हाताने बसवायला मऊ तांबं बरं. मुंट्झ धातूचाही सल्ला मिळाला. १८३२ च्या पेटंटचं हे साठ-चाळीस तांबं-जस्त. ‘कटी सार्क’ या जुन्या शिडाच्या जहाजाच्या बुडाला तेच आहे. त्यातलं जस्त कालांतराने निघून जातं आणि पत्रा ठिसूळ होतो, म्हणून ते मी घेतलं नाही. पत्रा घेताना कारखान्याचा शुद्धतेचा दाखला मागून घ्या, सर्वेक्षकाच्या फाइलला तो लागतो. आणि माल आला की कुलपात ठेवा. तांब्यावर डोळा ठेवणारे नुसते बार्नेकलच नसतात.

मार्चच्या मध्यावर प्रत्यक्ष ठोकायला सुरुवात झाली. बरोबर एक जुना नौकासुतार होता आणि अधूनमधून एक तांबट येत असे. बुडाला आधी डांबराचा हात, त्यावर डांबरी फेल्ट, मग पत्रा. ‘अलार्म’च्या खाकी कागदाचं काम हा फेल्ट करतो, शिवाय फळीच्या उंचसखलपणाला गादी मिळते. पत्रे साधारण १२० बाय ३५ सेंटिमीटरचे कापले. जुन्या आरमारी पत्र्यांचं मापही जवळपास हेच होतं, आणि का होतं ते पहिल्याच दिवशी कळलं: याहून मोठा पत्रा उताणं पडून डोक्यावर धरता येत नाही.

सुरुवात मागून आणि खालून करायची. पुढचा पत्रा मागच्यावर चढला पाहिजे, म्हणजे चालत्या नौकेचं पाणी कडेखाली शिरत नाही. माशाची खवलं असतात तसं. चढाव अडीच-तीन सेंटिमीटरचा. प्रत्येक पत्र्याचा आधी जाड कागदावर साचा काढायचा, पत्रा कापायचा, भोकं जमिनीवरच पाडून घ्यायची, मग चढवायचा. खिळे मधून सुरू करून कडेकडे यायचं. उलट केलं तर मध्ये फुगा अडकतो आणि तो कितीही ठोकला तरी नुसता जागा बदलतो. खिळे तांब्याचे, चपट्या डोक्याचे, कडेला सुमारे चार सेंटिमीटरवर आणि मधल्या भागात विरळ. लांबी फळीच्या जाडीहून निश्चित कमी. चुकूनही पोलादी खिळा डब्यात नको, म्हणून आम्ही रोज सकाळी डब्यावरून चुंबक फिरवत होतो. सुतार हसायचा, पण फिरवायचा.

वळणाच्या जागी तांबं ठोकता ठोकता कडक होतं आणि ऐकेनासं होतं. तेव्हा ते भट्टीवर मंद लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं. पोलाद असं केल्याने कडक होतं, तांबं मऊ पडतं. वर लाकडी मोगरीच वापरायची, लोखंडी हातोड्याने पत्र्यावर खळगे पडतात. तांबटाने मागच्या वळणावरचे पत्रे ज्या सफाईने बसवले ते बघत राहावं असं होतं. माझे सरळ बाजूचे पत्रे त्यांच्या शेजारी ओबडधोबडच दिसतात. असोत. हातमोजे चामड्याचे घ्या. कापलेली कड सुरीसारखी चालते.

काही जागा मुद्दाम उघड्या ठेवल्या. पंख्याचा दांडा जिथून बाहेर येतो त्याच्याभोवती दोन बोटं मोकळी सोडली, कारण दांडा स्टेनलेसचा आणि त्यावर त्याच्याऐवजी झिजण्यासाठी लावलेला जस्ताचा तुकडा. खोली मोजणाऱ्या यंत्राचा डोळाही पत्र्याने झाकून चालत नाही. या उघड्या जागांवर नेहमीचा रंग मारला, पण तांब्याची पूड नसलेला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात नौका पाण्यात गेली. अंदाजाप्रमाणे किंचित खाली बसली. पाणरेषा वर घ्यावी लागेल हे धरून वरची पत्र्याची ओळ एक हात जास्त नेली होती, ती कामी आली. थोडं पाणी आत आलं, फळ्या फुगल्यावर बंद झालं.

लगेच केलेलं एक मोजमाप मात्र कुणीही टाळू नये. सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ-इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत धातूचा विद्युतदाब मोजतात तो) पाण्यात सोडायचा, मल्टिमीटरचं दुसरं टोक पत्र्याला लावायचं. समुद्राच्या पाण्यात एकटं तांबं उणे ३०० ते ३५० मिलिव्होल्टच्या आसपास दाखवतं, जस्त उणे १००० च्या आसपास. माझा पत्रा उणे ४५० दाखवत होता, म्हणजे तो कुठेतरी जस्ताला जोडला गेला होता. शोध घेतला तर आतल्या बाजूने जुनी हिरवी तार निघाली. पाणी आत घेणाऱ्या ब्राँझच्या झडपा तिने इंजिनाला जोडल्या होत्या, इंजिन दांड्याला, दांड्यावर जस्त. आणि झडपांची कड पत्र्याला टेकलेली. डेव्हीचा प्रयोग माझ्या नौकेवर आपोआप चालू झाला होता. झडपांकडची तार कापली, तासाभराने उणे ३४०. ब्राँझ आणि तांबं एकमेकांना टेकलेलं चालतं, दोन्ही जवळजवळ सारखेच. सर्वेक्षकाला सगळं एका तारेने जोडलेलं हवं असतं, त्याच्याशी थोडा वाद झाला. लाकडी नौकेत जस्ताचा अतिरेक झाला की ब्राँझच्या भोवतीचं लाकूड अल्कलीने कुजतं, हे मी दाखवल्यावर त्याने मोजमाप अहवालाला जोडायला सांगितलं आणि सही केली. विमा कंपनीचं अंतिम पत्र जुलैत आलं.

खर्चाचं विचाराल तर पत्रा हा एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता. मजुरी आणि यार्डचं भाडं मिळून निम्म्याच्या वर. सर्वेक्षण, कचरा नि ओतकाम उरलेल्यात. दरवर्षी नौका बाहेर काढून रंगवण्याचा खर्च धरला तर साधारण आठ वर्षांत बरोबरी होईल. त्याआधी नौका विकायचा विचार असेल तर हे करू नका. कापातले तुकडे मोडीत चांगले जातात, ते फेकू नका.

आता परवाची तपासणी. बूड काळपट तपकिरी झालंय, पाणरेषेजवळ हिरवट. सगळीकडे पातळ बुळबुळीत थर आहे, कारण काही सूक्ष्म शैवालं तांब्यालाही दाद देत नाहीत. तो मऊ फडक्याने निघाला, आणि यापुढेही फडकंच. घासणी लावली की तांबं फुकट जातं. पत्र्यावर बार्नेकल नाहीत. पंख्यावर, दांड्याच्या उघड्या जागेवर आणि खोलीमापकाच्या डोळ्यावर मात्र गच्च बसले होते.

झीज कळावी म्हणून त्याच पत्र्याचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा वजन करून नायलॉनच्या दोरीने वर्षभर पाण्यात टांगला होता. ५३.८ ग्रॅमचा ५०.४ झाला. दोन्ही बाजू उघड्या होत्या हे धरलं तर एका बाजूला वर्षाला ०.०२ मिलिमीटरच्या जरा आत. पत्रा अर्धा व्हायला पंधराएक वर्षं. वेगाने पळणाऱ्या नौकेवर किंवा सल्फाइड असलेल्या घाणेरड्या बंदरात हा आकडा धरू नका, तिथे झीज बरीच जास्त होते.

सुकाणाच्या मागच्या कडेचे दोन खिळे वर आले होते, ते बदलले. विमा कंपनीच्या पत्रात एक अट आहे: दर पाच वर्षांनी तीन ठिकाणचा पत्रा उचलून खालचं लाकूड दाखवायचं. एक जागा बदललेल्या फळीवर, एक तळकण्याच्या बोल्टाशी आणि एक मागच्या वळणाखाली, अशा मी आताच नकाशावर खुणा करून ठेवल्यात. तिथल्या खिळ्यांच्या मापाचे जास्तीचे खिळे आणि पत्र्याचे तीन तुकडेही बाजूला काढलेत, त्याच कुलपात.